पोटाच्या आत लपलेला हर्निया

वाचकांचे प्रश्न, शल्यचिकित्सकाची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे एकाच विकाराशी संबंधित असल्यामुळे हे सदर या वेळी त्या एका विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ३४ आहे. कॉलेजात असल्यापासून त्यांना जेवणानंतर तासाभराने पोटाच्या वरच्या डाव्या बाजूला दुखते, कधी उलटी होते, आणि कुशीवर पडून राहिले की दुखणे आपोआप थांबते. आजवर पित्त, गॅस, अल्सर अशी निदाने झाली. दोनदा एंडोस्कोपी आणि अनेकदा सोनोग्राफी झाली, पण सर्व अहवाल चांगले आले. गेल्या महिन्यात मध्यरात्री असह्य दुखू लागल्याने रुग्णालयात नेले. तेथे लगेच सीटी स्कॅन झाला आणि अहवालात ‘लेफ्ट पॅराड्युओडेनल हर्निया’ असे लिहून आले. नाकातून नळी घालून सलाइन लावल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना बरे वाटले आणि आता काहीच त्रास नाही. पोटावर कुठेही फुगवटा नसताना हा हर्निया कसा? इतकी वर्षे तो कोणाला का दिसला नाही? त्रास नसताना ऑपरेशन करायलाच हवे का, आणि केल्यास जाळी बसवतात का?
— एक भगिनी, नाशिक जिल्हा

उत्तर : आपल्या सर्वांच्या परिचयाचा हर्निया जांघेत, बेंबीपाशी किंवा जुन्या टाक्यांच्या जागी पोटाच्या भिंतीतून बाहेर येतो, खोकल्यावर फुगतो, आडवे झाल्यावर आत जातो आणि रुग्णाच्या स्वतःच्याच हाताला लागतो. आपल्या यजमानांच्या पोटाची भिंत शाबूत आहे. त्यांचे आतडे सरकले आहे ते पोटाच्या पोकळीतल्याच एका कप्प्यात, आणि म्हणून बाहेरून पाहून किंवा पोट दाबून तपासणाऱ्या डॉक्टरला ते कळण्याचा मार्गच नसतो. अशा हर्नियाला अंतर्गत हर्निया म्हणतात. तो दुर्मिळ आहे. शवविच्छेदनांच्या नोंदींत त्याचे प्रमाण ०.२ ते ०.९ टक्के आढळते. जुन्या संकलनांनुसार या हर्नियांपैकी निम्म्याहून थोडे अधिक आपल्या यजमानांसारखे, म्हणजे ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) शेजारचे असतात, त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश डाव्या बाजूचे असतात, आणि पुरुषांत ते स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आढळतात.

हा कप्पा जन्माआधीच तयार झालेला असतो. गर्भ सहा आठवड्यांचा असताना आतडे इतक्या वेगाने वाढते की त्याला पोटात जागा पुरत नाही आणि ते काही काळ नाळेच्या मुळाशी राहते. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ते पोटात परत येते, आणि या सगळ्या प्रवासात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने एकूण २७० अंशांत फिरते. जागेवर बसल्यानंतर डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्याला धरून ठेवणारा पडदा, म्हणजे आंत्रबंध, पोटाच्या मागच्या अस्तराला चिकटून एकजीव होतो. ही चिकटण्याची क्रिया एखाद्या भागात अपुरी राहिली, तर पडद्यामागे सदऱ्याच्या खिशासारखी एक मोकळी जागा उरते. ड्युओडेनम जिथे संपतो त्या वळणाच्या डावीकडे ही जागा असते आणि तिला लँडझर्टचा खळगा असे नाव आहे. सुमारे २ टक्के शवविच्छेदनांत हा खळगा आढळल्याची नोंद आहे. खळगा असलेल्या बहुतेक माणसांना हर्निया कधीच होत नाही, हेही त्यावरून लक्षात येईल. काहींच्या बाबतीत मात्र लहान आतड्याची वेटोळी हळूहळू त्यात शिरत जातात, भरल्या पोटी फुगतात, खळग्याच्या तोंडाशी आवळली जातात आणि रिकामी झाली की सैल पडतात. जेवणानंतर दुखणे आणि कूस बदलल्यावर थांबणे हा आपण लिहिलेला क्रम या घडामोडीशी अगदी जुळतो.

इतकी वर्षे निदान का झाले नाही, याचे उत्तर तपासण्यांच्या मर्यादेत आहे. एंडोस्कोपीत अन्ननलिका, जठर आणि ड्युओडेनमचा सुरुवातीचा भाग आतून दिसतो. आतडे पोटात कोणत्या जागी पडले आहे, हे त्यातून कळत नाही. सोनोग्राफीच्या लहरी आतड्यातील वायूपाशी अडतात आणि नेमका हाच भाग झाकला जातो. याहून महत्त्वाची गोष्ट तपासणीच्या वेळेची आहे. रात्री दुखते, सकाळी थांबते, मग चार दिवसांनी सवड काढून रुग्ण तपासणीला जातो. तोवर आतडे सैल झालेले असते, पुष्कळदा खळग्यातून बाहेरही आलेले असते, आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. तो अहवाल खोटा नसतो, पण तो दुखणे नसतानाचा असतो. त्याच्या आधारावर रुग्णाला पित्ताच्या गोळ्या देत राहणे किंवा, त्याहून वाईट, दुखणे मनाचे आहे असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. जेवणाशी जोडलेले, वर्षानुवर्षे येत-जात राहणारे, उलटीसह येणारे दुखणे असेल आणि नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नसेल, तर दुखत असतानाच शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये उठून दिसाव्यात यासाठीचे औषध, देऊन सीटी स्कॅन करावा. औषध देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे कार्य तपासले की बहुतेकांना ते सुरक्षितपणे देता येते. आपल्या यजमानांचे निदान मध्यरात्री झाले, कारण तो स्कॅन दुखणे चालू असताना झाला.

त्या स्कॅनमध्ये लहान आतड्याची वेटोळी जठर आणि स्वादुपिंड यांच्या मधोमध, जणू एखाद्या गोल पिशवीत कोंडल्यासारखी एकत्र दिसतात. जठर पुढे ढकललेले असते. आतड्याच्या रक्तवाहिन्या खळग्याच्या तोंडाशी गर्दी करून ताणलेल्या दिसतात, आणि मोठ्या आतड्याकडून येणारी एक मोठी शीर, इन्फेरिअर मेसेंटेरिक व्हेन, त्या तोंडाच्या पुढच्या कडेवर सरकलेली असते. निदान पक्के होते ते विशेषतः या शिरेच्या जागेवरून. प्राग येथील विकृतिशास्त्रज्ञ वेन्झेल ट्राइट्झ यांनी १८५७ मध्ये पोटाच्या मागच्या अस्तरात शिरणाऱ्या हर्नियांविषयी सविस्तर लिहिले, त्या काळी हा विकार ओळखण्याची जागा शवविच्छेदनाचे टेबल हीच होती. आज तो रुग्ण हिंडता-फिरता असताना ओळखता येतो, आणि म्हणूनच ओळखल्यानंतर थांबणे मला पटत नाही.

शस्त्रक्रिया करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वैद्यकीय लेखनात या विकारात आयुष्यभरात आतडे अडकण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत सांगितली जाते. हा अंदाज मर्यादित रुग्णांच्या नोंदींवर उभा असल्याने मी त्यावर फार भार देणार नाही. मला निर्णायक वाटते ते हे, की खळग्याचे तोंड औषधाने किंवा पथ्याने बंद होत नाही, त्यांचे आतडे एकदा अडकले आहे, आणि पुढच्या खेपेला ते आपोआप सुटेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि आतडे काळे पडल्यावर मध्यरात्री करावी लागणारी शस्त्रक्रिया यांच्या धोक्यांत फार मोठे अंतर आहे.

प्रत्यक्षात पूर्ण भूल देऊन दुर्बिणीने पोटात पाहतात. आतडे फार फुगलेले नसेल तर ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून उत्तम होते. डाव्या बाजूच्या अशा हर्नियाची दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया १९९८ मध्ये जपानमधून प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर हा मार्ग सर्वत्र रुळला. लहान आतड्याचे शेवटचे टोक अपेंडिक्सजवळ निश्चित सापडते, म्हणून पुष्कळ सर्जन तेथून मागे मागे येत वेटोळी हलक्या हाताने खळग्यातून बाहेर काढतात. ओढाताण केल्यास आतडे फाटू शकते. सगळे आतडे बाहेर आले की खळग्याचे तोंड न विरघळणाऱ्या धाग्याने शिवून बंद करतात. तोंडाच्या कडेतूनच वर सांगितलेली शीर आणि तिच्या सोबतची धमनी जाते, त्यामुळे टाके वरवरच्या अस्तरापुरतेच घ्यावे लागतात. तोंड इतके घट्ट असेल की आतडे निघतच नाही, तर रक्तवाहिनी नसलेल्या बाजूने ते रुंद करतात. क्वचित ती शीर बांधून कापावी लागते आणि शरीर ते सहसा सहन करते, कारण रक्ताला परतायला इतर वाटा असतात. जाळीची गरज सहसा पडत नाही. जांघेतल्या हर्नियात कमकुवत भिंतीला आधार द्यायचा असतो, इथे फक्त एक तोंड बंद करायचे असते.

उजव्या बाजूच्या हर्नियाला हेच वर्णन लागू पडत नाही. त्याच्या तोंडाच्या कडेवर लहान आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी असते आणि आतड्याचे फिरणेही अर्धवट राहिलेले असते. तेथे उजवीकडचे मोठे आतडे बाजूच्या भिंतीपासून सोडवून डावीकडे वळवणे हा मार्ग घेतात. नात्यात कोणाला उजव्या बाजूचा त्रास निघाल्यास दोन्ही शस्त्रक्रियांची तुलना करू नये.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ५८. पूर्वी पोटाचे एकही ऑपरेशन झालेले नव्हते. अचानक पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, शौच आणि वायू बंद झाला. एका रुग्णालयात आतड्यात अडथळा आहे असे सांगून नळी घातली आणि दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन केले, तेव्हा आंत्रबंधातील एका छिद्रात आतडे अडकून काळे पडलेले निघाले आणि सुमारे ६० सेंटिमीटर आतडे काढावे लागले. ते टाळता आले असते का? पुढे अन्न नीट पचेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या वडिलांचे कागद आणि स्कॅन पाहिल्याशिवाय त्या दोन दिवसांविषयी निर्णय देणे योग्य होणार नाही, आणि तो मी देत नाही. पण निर्णय कोणत्या गोष्टींवर घ्यायचा असतो, ते आपल्याला कळायला हवे.

आंत्ररोधाच्या, म्हणजे आतड्यातील अडथळ्याच्या, प्रत्येक रुग्णाला लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. ज्याच्या पोटाचे पूर्वी ऑपरेशन झाले आहे त्याच्यात बहुधा आतडी एकमेकांना चिकटून अडथळा येतो, आणि नळी व सलाइनवर दोन-तीन दिवसांत पुष्कळ रुग्ण सुटतात. वाट पाहण्याचा नियम तेथून आला आहे. ज्याच्या पोटावर एकही जुनी खूण नाही आणि बाहेरून कुठेही हर्निया हाताला लागत नाही, त्याला तो नियम तसाच लावता येत नाही. अशा रुग्णात कारण शोधावेच लागते. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे, गाठ हे दुसरे, पीळ हे तिसरे, आणि अंतर्गत हर्निया या यादीत शेवटी येत असला तरी तो सर्वांत कमी वेळ देणारा आहे. म्हणून अशा रुग्णाचा कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन पहिल्याच दिवशी व्हावा, असे मी आग्रहाने म्हणतो.

वेळ कमी का मिळतो, ते असे. छिद्रात शिरलेल्या आतड्याची दोन्ही टोके एकाच जागी आवळली जातात, आतला द्रव आणि वायू कुठेच जाऊ शकत नाही. शिरांच्या भिंती पातळ आणि त्यांतला दाब कमी, म्हणून आधी शिरा दबतात. धमन्यांतून रक्त येत राहते, पण परत जात नाही, आतडे सुजते, जांभळे पडते, आणि सूज वाढली की शेवटी धमन्याही बंद होतात. हे सगळे काही तासांत घडू शकते. येऊन-जाऊन असलेली कळ अखंड दुखण्यात बदलणे, पोट हात लावताच दुखणे, नाडी वाढणे, ताप, रक्तातील लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडल्यावर वाढणारे द्रव्य) वाढणे या धोक्याच्या खुणा आहेत. पण त्या पुष्कळदा उशिरा उमटतात आणि लॅक्टेट चांगले असले म्हणून आतडे सुरक्षित आहे असे मानता येत नाही. दुखणे भयंकर आणि पोट मात्र तपासताना मऊ, ही विसंगती दिसली की अनुभवी सर्जन सावध होतो.

ऑपरेशनमध्ये आतडे मोकळे केल्यावर ते लगेच कापत नाहीत. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या पट्ट्यांत ते गुंडाळतात, भूलतज्ज्ञ ऑक्सिजन वाढवतात आणि दहा-पंधरा मिनिटे थांबतात. रंग परत आला का, चमक आली का, आतडे हालचाल करते का, आंत्रबंधातील धमनीचे ठोके बोटाला लागतात का, हे पाहतात. काही रुग्णालयांत शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचे द्रव्य देऊन विशेष कॅमेऱ्याने रक्त कुठवर पोहोचते ते पाहण्याची सोय आहे. तरीही शंका राहिली, तर एक-दोन दिवसांनी पुन्हा पोट उघडून पाहणे हा प्रामाणिक मार्ग आहे. नातेवाइकांना ते दुसरे ऑपरेशन म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण वाटते, पण शक्य तितके आतडे वाचवण्यासाठीच ते आखलेले असते. आपल्या वडिलांचे आतडे काळे पडले होते, आणि मेलेले आतडे ठेवणे जिवावर बेतले असते.

आता पचनाविषयी. प्रौढ माणसाचे लहान आतडे साधारण ६ मीटर लांब असते. ६० सेंटिमीटर गेल्याने अन्न पचण्यात कायमची उणीव राहण्याचे कारण नाही. गंभीर अडचण साधारणतः २ मीटरपेक्षा कमी आतडे उरले तर येते. मात्र काढलेला भाग लहान आतड्याच्या अगदी शेवटचा होता का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहा. तसे असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी वेळोवेळी तपासावी लागेल, आणि पातळ शौचाचा त्रास राहिल्यास त्यावर औषध आहे.

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी तीन वर्षांपूर्वी माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली आणि वजन बरेच उतरले. आता मला सहावा महिना चालू आहे. दोन आठवड्यांपासून जेवल्यावर वरच्या पोटात मुरडा येतो आणि पाठीपर्यंत जातो. सोनोग्राफीत बाळ उत्तम आहे. घरचे म्हणतात, गरोदरपणात पित्त होतेच. काळजीचे काही आहे का?
— एक भगिनी, ठाणे

उत्तर : आहे, आणि म्हणून अंकाची वाट न पाहता आपल्याला त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याविषयी कळवले आहे. हे उत्तर आपल्यासारख्या इतर भगिनींसाठी छापत आहोत.

बायपासमध्ये लहान आतड्याची एक बाजू उचलून जठराच्या छोट्या पिशवीला जोडतात. तसे करताना आंत्रबंधात नवी भगदाडे तयार होतात. त्यांतल्या एका जागेला जर्मन शल्यचिकित्सक वाल्थर पीटरसन यांचे नाव आहे, त्यांनी आतड्याच्या अशा जोडणीनंतरच्या हर्नियाचे वर्णन १९०० मध्ये केले होते. वजन उतरले की आंत्रबंधातील चरबीही विरघळते आणि भगदाडे सैल, मोठी होतात. गरोदरपणात वाढते गर्भाशय आतड्यांना वर ढकलते, त्यामुळे सहाव्या महिन्यापासून पुढे धोका वाढतो. स्वीडनमधील १२ केंद्रांत २,५०७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भगदाडे शिवून बंद केलेल्या रुग्णांपैकी ५.५ टक्क्यांना तीन वर्षांत आतड्याच्या अडथळ्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागली आणि उघडी ठेवलेल्यांपैकी १०.२ टक्क्यांना. शिवल्याने धोका निम्म्यावर आला, पण संपला नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. ‘माझी भगदाडे शिवली होती’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

सोनोग्राफी बाळाविषयी सांगते, आईच्या आतड्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. एमआरआय लगेच होत असेल तर तो करावा. होत नसेल तर सीटी स्कॅनला घाबरून उशीर करू नये. एका स्कॅनमधून गर्भापर्यंत पोहोचणारी किरणांची मात्रा सहसा ५० मिलिग्रे या धोक्याच्या पातळीखाली राहते, आणि आईचे आतडे कुजण्याचा बाळाला असलेला धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. स्कॅन निर्वाळा देत नसेल आणि दुखणे थांबत नसेल, तर दुर्बिणीतून पोटात पाहणे हाच निदानाचा आणि उपचाराचा मार्ग ठरतो. बायपास झालेल्या प्रत्येक स्त्रीने प्रसूतितज्ज्ञांकडे पहिल्या भेटीतच त्या शस्त्रक्रियेचे कागद द्यावेत आणि प्रसूतीच्या ठिकाणाजवळ असा सर्जन उपलब्ध आहे का, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

प्रश्न : आमच्याकडे अशा दुखण्यात ‘बेंबी सरकली’ म्हणून तेल लावून पोट चोळतात, एरंडेल देतात. पुष्कळांना बरे वाटते. करावे का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : करू नये. आपोआप थांबणाऱ्या दुखण्यात जे काही केले त्याला यश मिळाल्यासारखे दिसते, आणि अंतर्गत हर्नियाचे दुखणे सुरुवातीला आपोआप थांबणारेच असते. आतडे अडकलेले असताना एरंडेल दिले तर बंद मार्गावर जोर वाढतो, आणि सुजलेले आतडे चोळण्याने फाटू शकते. घरातील वडीलधारी माणसे हे मायेने करतात, याची मला पूर्ण जाणीव आहे. त्यांना दुखावू नका, पण पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायू सरत नसेल तर तोंडाने काहीही न देता थेट रुग्णालयात न्या.

प्रश्न : अशा ऑपरेशननंतर कामावर केव्हा जाता येते? हा आजार मुलांना होतो का? आणि खर्चाचे काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुर्बिणीतून केलेल्या आणि आतडे न कापाव्या लागलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बहुधा दोन-चार दिवसांत घरी जातो. बैठे काम दोन आठवड्यांच्या आसपास सुरू करता येते, जड उचलणे सहा आठवडे टाळावे. वरण-भात, खिचडी, ताक अशा मऊ आहाराने सुरुवात करून आठवडाभरात नेहमीच्या जेवणावर यावे. कायमचे पथ्य लागत नाही. हा विकार वडिलांकडून मुलाकडे जाणारा मानला जात नाही, त्यामुळे त्रास नसलेल्या मुलांचे स्कॅन करू नयेत.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, भेटावे आणि आपल्या डॉक्टरांनी लिहिलेले निदान व शस्त्रक्रियेचे नाव दाखवून ती कोणत्या पॅकेजमध्ये बसते, हे दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणे आणि सीटी स्कॅनची सीडी घरी जपून ठेवावी. पुढे कधीही पोट दुखले, तर नव्या डॉक्टरांना कोणते तोंड शिवले होते आणि कोणती शीर बांधली होती, हे त्या कागदांवरूनच कळेल.